सायकलिंगचे बूट घरी दुरुस्त करताना: काय चिकटवायचे, काय शिवायचे, काय टाकून द्यायचे

सायकलिंगचा बूट फाटला की हात आधी गोंदाच्या ट्यूबकडे जातो. थोडे थांबा. पहिला प्रश्न हा, की बिघडलेला भाग पायाचा जोर पेडलपर्यंत नेतो का? बुटाच्या तळाची कडक पट्टी, म्हणजे सोल, आणि क्लीट जिथे बसते ती जागा सगळा जोर सोसते. क्लीट म्हणजे तळाला बोल्टने लावलेला, पेडलमध्ये अडकणारा तुकडा. सोलला तिथे आरपार तडा असेल, तर घरातला कोणताही उपाय भरवशाचा नाही. उभे राहून पेडल मारताना तडा अचानक वाढतो आणि पाय पेडलवरून निसटतो. नागपूरच्या वर्धा रोडवर ट्रकच्या शेजारून जाताना हा धोका पत्करू नये. असा बूट बाद करा. त्याच्या पट्ट्या, बकल, इनसोल (आतली सुटी गादी) दुसऱ्या जोडीसाठी काढून ठेवा.

बाकी बहुतेक सगळे घरी दुरुस्त होते: पुढून उघडलेले तोंड, बाजूची भेग, झिजलेली टाच, आतले फाटलेले अस्तर, सैल वेल्क्रो, गंजलेले बोल्ट.

तपासणी

इनसोल बाहेर काढा. बूट कोरड्या ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने पुसा, उजेडात धरा. दोन्ही हातांनी टोक आणि टाच धरून सोल हलकेच वाकवा आणि पिळा. नायलॉनचा सोल किंचित वाकेल, कार्बनचा जवळजवळ वाकणारच नाही. कुठे कटकट आवाज आला किंवा केसासारखी रेघ उघडताना दिसली, तर तिथे तडा आहे. कार्बनच्या सोलवर नाण्याने टकटक करत पुढे सरका. टणक आवाज मध्येच बद्द झाला, तर आतले थर सुटलेले असू शकतात. नुसता वरच्या लकाकीवर ओरखडा असेल तर काळजी नको.

मग सोलची रबरी कड आणि पॉलियुरेथेनचे भाग नखाने दाबून बघा. भुगा पडत असेल किंवा बोटाला चिकट लागत असेल, तर ते आतून कुजले आहे. पॉलियुरेथेनचे काही प्रकार हवेतल्या ओलाव्याने आणि उष्णतेने हळूहळू तुटतात. म्हणूनच डब्यात वर्षानुवर्षे जपलेला, फारसा न वापरलेला बूटही एक दिवस भुगा होतो. अशा पृष्ठभागाला लावलेला गोंद भुग्यालाच चिकटतो आणि भुग्यासकट निघून येतो. तिथे मेहनत घालवू नका.

गोंद कोणता

नवख्यांचे सर्वात जास्त नुकसान इथेच होते, म्हणून हे नीट वाचा.

फेविक्विक किंवा तत्सम इन्स्टंट गोंद काचेसारखा कडक होतो. बूट वाकतो, गोंद वाकत नाही. मग चिकटलेल्या जागेच्या अगदी शेजारून नवी भेग सुरू होते. शिवाय सुती कापडावर किंवा कापसावर तो सांडला तर एकदम तापतो आणि चटका बसू शकतो. बुटाच्या अस्तरात तो ओतणे टाळाच. अॅराल्डाइटसारखा इपॉक्सी आणि एम-सील यांचीही तीच अडचण: न वाकणाऱ्या जागी ठीक, वाकणाऱ्या जागी नाही.

पंक्चरचे सोल्युशन सायकलवाल्याच्या घरात असतेच, म्हणून तेच वापरून पाहिले जाते. ते ट्यूबच्या रबरासाठी आहे. नायलॉन, रेक्झिन, पॉलियुरेथेन यांवर त्याची पकड टिकत नाही.

हवा तो सिंथेटिक रबराचा कॉन्टॅक्ट गोंद. फेविबाँड किंवा फेविकॉल एसआर ९९८ या नावांनी तो हार्डवेअरच्या आणि रेक्झिन-फोमच्या दुकानात मिळतो. सुकल्यावरही लवचीक राहतो, हे त्याचे मोठेपण. एका जोडीला छोटी ट्यूब पुरते. सोलचा भाग पॉलियुरेथेनचा असेल तर पादत्राणांसाठी मिळणारा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा, गोंद आणखी चांगला. मऊ पीव्हीसीवर मात्र साधा रबरी गोंद काही महिन्यांत ढिला पडतो, कारण पीव्हीसीला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य हळूहळू गोंदात उतरते. तिथेही पीयू गोंदच घ्या.

बाकीचे सामान किरकोळ आहे: ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश, नायट्राइलचे हातमोजे, मास्किंग टेप, मेण लावलेला जाड नायलॉन किंवा पॉलिस्टर दोरा, दोन सुया, एक दाभण, ४ मिमीची अॅलन की (षटकोनी चावी), थोडे ग्रीस. आणि सायकलची एक निकामी ट्यूब. ती उभी कापून अडीच-तीन सेंटिमीटर रुंदीच्या लांब पट्ट्या करा. बुटासारख्या वेड्यावाकड्या आकारावर लोखंडी शिकंजा नीट बसत नाही. ताणून गुंडाळलेली ट्यूब सगळीकडून सारखा दाब देते. स्वच्छतेसाठी थिनर किंवा अॅसिटोन वापरू नका. रेक्झिनचा वरचा थर आणि रंग त्याने विरघळतो.

नागपूरची हवा आणि गोंद

गोंदाच्या पाकिटावरची वेळ साधारण खोलीच्या तापमानासाठी असते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा गोंदातला द्रव भराभर उडतो. पाकिटावर १०-१५ मिनिटे थांबा असे लिहिले असले तरी दुपारी पाच-सात मिनिटांतच थर कोरडा पडतो आणि दोन भाग एकमेकांना धरत नाहीत. त्या दिवसांत काम सकाळी सहा-सातच्या सुमारास करा.

कूलर चालू असलेल्या खोलीत चिकटवू नका. कूलर हवा थंड करतो तो पाणी मिसळून. गोंदातला द्रव उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दमट हवेतला ओलावा बसतो आणि थर पांढुरका दिसू लागतो. तो पांढुरका थर म्हणजे पाण्याची पातळ पापुद्री, तिच्यावरून पकड सुटते. जुलै-ऑगस्टमध्ये हाच त्रास कूलरशिवायही होतो. तेव्हा उघडीप असलेला दिवस निवडा, आणि थर लावल्यावर हेअर ड्रायर मंद आचेवर एक फुटावरून फिरवा. काम खिडकी उघडी ठेवून, गॅसच्या शेगडीपासून लांब करा. या गोंदाची वाफ पेट घेते आणि डोके दुखवते.

तोंड उघडलेला बूट

सोल बहुधा पुढच्या टोकाला सुटतो. कारण सरळ आहे: सोल कडक, त्यामुळे जिना चढताना किंवा चालताना तो वाकत नाही, टोकच उचकटले जाते. फटीत एकदा माती शिरली की प्रत्येक पावलागणिक ती आत घासते. आपल्याकडची काळी माती तर ओली असताना चिकटते आणि वाळली की खड्यासारखी कडक होते. ती आत ठेवून वरून गोंद लावला की दुरुस्ती आठवडाभरही टिकत नाही.

१. फट पूर्ण उघडा. जिथपर्यंत सोल सहज उचलला जातो तिथपर्यंत तो सुटलेलाच आहे. हेअर ड्रायरने दोन-तीन मिनिटे ऊब दिली की अर्धवट धरलेला जुना गोंदही सुटतो. जिथे पकड घट्ट लागते तिथे थांबा, जबरदस्तीने ओढू नका.

२. साबणाच्या पाण्याने आणि टूथब्रशने फट धुवा. मग बुटात वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली किमान २४ तास, पावसाळ्यात ४८ तास वाळवा. कागद दर काही तासांनी बदला. गच्चीवर उन्हात ठेवू नका. मेच्या उन्हात तापलेल्या स्लॅबवर चांगल्या भागाचा गोंदही मऊ पडतो.

३. जुना गोंद खरवडून काढा. मग दोन्ही बाजू ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. चकाकी पूर्ण गेली पाहिजे. फट अरुंद असेल तर कागदाची घडी आइस्क्रीमच्या काडीवर गुंडाळून आत घाला. भुगा झाडून अल्कोहोलने पुसा, दहा मिनिटे सुकू द्या. यानंतर त्या जागेला उघड्या बोटाने हात लावू नका, घामाचा तेलकटपणा पुरेसा नडतो.

४. फटीच्या कडेने बाहेर मास्किंग टेप लावा. दोन्ही पृष्ठभागांवर गोंदाचा पातळ, सलग थर द्या. खोल फटीत काडीने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने पोहोचा. जाड थर म्हणजे मजबूत जोड नव्हे. जाड थराचा आतला भाग ओलाच राहतो आणि दाबल्यावर सरकतो. सोलचा पृष्ठभाग सच्छिद्र असेल तर पहिला थर शोषला जातो, तो सुकल्यावर दुसरा द्या.

५. फट उघडी राहावी म्हणून मध्ये काडी अडकवा आणि थांबा. हातमोजा घातलेल्या बोटाने स्पर्श केल्यावर चिकट लागले पाहिजे, पण गोंद बोटाबरोबर तारेसारखा ओढला जाता कामा नये. हीच जोडण्याची वेळ. नवखा माणूस हमखास घाई करतो आणि ओले असतानाच दाबतो.

६. काडी काढा, आतल्या टोकापासून बाहेरच्या कडेकडे दाबत या. हा गोंद लागला की लगेच धरतो, सरकवून जागा सुधारता येत नाही. बुटात चिंध्या घट्ट भरा, नाहीतर दाबाने वरचा भाग चेपतो. मग ट्यूबची पट्टी ताणून टोकापासून मागे गुंडाळा, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत. २४ तास तसेच ठेवा. दमट दिवसांत दोन दिवस.

जोड उघडला तर कुठून सुटला ते बघा, काय चुकले ते त्यातच कळते. गोंद एकाच बाजूवर राहिला असेल, तर दुसरी बाजू घासण्यात किंवा पुसण्यात कमी पडली. दोन्ही बाजूंवर गोंद आहे आणि तो चकचकीत दिसतो, तर जोडायला उशीर झाला. गोंद अजून मऊ आहे, तर थर जाड होता किंवा लवकर दाबला.

बाजूची भेग

वरच्या भागाला भेग पडते ती बहुधा बोटांच्या मुळाशी, जिथे चालताना घडी पडते, किंवा पट्टीच्या शिवणीजवळ. भेगेची दोन्ही टोके शोधा आणि तिथे २ मिमीचे गोल भोक पाडा. टोकदार शेवटावर ताण एकवटतो आणि भेग पुढे धावते; गोल भोकात तो ताण पसरतो.

ठिगळ नेहमी आतून. बॅगा शिवणाऱ्याकडे जाड नायलॉनची कात्रणे मिळतात, ती उत्तम. भेगेच्या सगळ्या बाजूंनी १०-१२ मिमी जास्त कापा, कोपरे गोल ठेवा आणि कापडाची कड मेणबत्तीच्या आचेवरून झरकन फिरवून बंद करा म्हणजे धागे सुटत नाहीत. हे काम गोंद उघडण्याआधीच उरकून घ्या. चामड्याचे ठिगळ असेल तर कडा ब्लेडने तासून पातळ करा. जाड कड तासाभराच्या राइडमध्ये फोड आणते. अस्तर शाबूत असेल तर ठिगळ अस्तर आणि बाहेरचा थर यांच्यामध्ये सरकवा, पायाला ते कळतही नाही.

चिकटवण्याआधी बूट चिंध्यांनी भरून पायाच्या आकारात आणा. सपाट ठेवून लावलेले ठिगळ पाय घातल्यावर सुरकुतते. गोंदाची रीत वरचीच.

गोंदानंतर टाके घाला. नुसता गोंद ओढ सोसतो, पण कडेकडून उचकटला गेला की हरतो. एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया घ्या, दाभणाने आधी भोके पाडा, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया उलट दिशांनी न्या. एक टाका तुटला तरी बाकीचे उसवत नाहीत. टाके ४-५ मिमी अंतरावर आणि भेगेच्या कडेपासूनही तितकेच दूर. फार जवळ घातले तर टपाल तिकिटाच्या कडेसारखी भोकांची रांग तयार होते आणि तिथूनच फाटते. शेवटी बाहेरून भेगेवर कॉन्टॅक्ट गोंदाचा पातळ हात फिरवा, पाणी आत जाणार नाही.

टाच, अस्तर, पट्ट्या

टाचेचा रबरी तुकडा काही बुटांना स्क्रूने बसवलेला असतो. आधी ते बघा. त्या मॉडेलचा सुटा तुकडा मिळत असेल तर तोच लावा. चिकटवलेला असेल तर झिजलेला भाग पॉलिश पेपरने सपाट करून ३-४ मिमीची रबर शीट चिकटवा आणि वाळल्यावर धारदार कटरने कड छाटा. दोन्ही टाचांची उंची सारखी ठेवा. जुन्या माउंटन बाइकच्या टायरचा तुकडाही चालतो, पण त्याची पाठ भरपूर घासावी लागते.

टाचेच्या आतले अस्तर फाटले की आतली कडक प्लास्टिकची वाटी पायाला घासते. फाटके धागे कापा आणि पातळ, मऊ चामड्याचा अर्धगोल तुकडा चिकटवा. त्याची वरची कड बुटाच्या काठाच्या खालीच संपवा, नाहीतर मोज्याला अडकून निघते.

वेल्क्रो धरत नसेल तर आधी बारीक कंगव्याने त्यातले केस आणि धागे काढा. अनेकदा एवढेच पुरते. आकडे खरेच मोडले असतील तर २० किंवा २५ मिमीची नवी पट्टी शिवून घ्या. मागे गोंद असलेली तयार वेल्क्रो इथे टिकत नाही.

चकती फिरवून तार आवळणारी बोआ पद्धत असेल तर तार गाठ मारून जोडू नका, गाठ चकतीत अडकते. बोआ कंपनी चकती आणि तारेवर बुटाच्या आयुष्यभराची हमी देते, तेव्हा मॉडेल कळवून सुटे भाग मागवा.

क्लीट आणि बोल्ट

शहरात सिमेंटचे रस्ते वाढले आहेत, आणि त्यावर चालले की प्लास्टिकचे क्लीट कानशीवर घासल्यासारखे झिजतात. तीन बोल्टच्या क्लीटवरचे रंगीत रबरी ठोकळे सपाट झाले, पुढची जीभ पातळ झाली, किंवा पाय आपोआप सुटू लागला, की क्लीट बदला. त्याला गोंद, पत्रा, ठिगळ काही लावू नका. दोन बोल्टचे एसपीडी क्लीट लोखंडी असल्याने बरेच जास्त टिकतात. शिमानो कंपनीच्या तीन बोल्टच्या एसपीडी-एसएल क्लीटमध्ये, पेडलवर पायाला डावी-उजवीकडे फिरायची मोकळीक रंगावरून ठरते: पिवळ्याला ६ अंश, निळ्याला २, लाल पक्का. नवा घेताना जुन्याचाच रंग घ्या, नाहीतर गुडघ्याला फरक जाणवतो.

काढण्याआधी जुन्या क्लीटची बाह्यरेषा सोलवर पेंट मार्करने आखा. मग बोल्टच्या षटकोनी खाचेतली माती सुईने पूर्ण उकरून काढा. अॅलन की तळापर्यंत बसली नाही आणि जोर लावला, की खाच गोल झालीच म्हणून समजा. बोल्ट गंजला असेल तर गंज सोडवणारे तेल एक-दोन थेंब टाकून रात्रभर ठेवा. खाच गोल झालीच तर टी-२५ टॉर्क्स बिट (चांदणीच्या आकाराच्या टोकाचा) हलक्या हातोडीने ठोकून बसवा. ४ मिमीच्या बिघडलेल्या खाचेत तो सहसा धरतो. तेही फसले तर बोल्टचे डोके ड्रिलने उडवावे लागते. त्याआधी इनसोलखाली बघा. एसपीडी बुटात आत सुटी लोखंडी पट्टी असते, आटे गेले तर तीच बदलता येते.

नवा बोल्ट लावताना आट्यांना ग्रीस लावा. नायलॉन-प्लास्टिकजवळ लाल-निळा थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा द्रव) नको, काही प्लास्टिकला तो तडे पाडतो. बोल्ट एम-५ आकाराचा असतो आणि ५ ते ६ न्यूटन-मीटर इतकाच आवळायचा. टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) नसेल तर बॅग तोलायचा हुकाचा काटा काढा. अॅलन कीच्या लांब दांडीवर बोल्टपासून ७ सेंटिमीटरवर हुक अडकवा आणि काटकोनात ओढा. साधारण ८ किलो दाखवले की झाले. सगळे बोल्ट एकदम नव्हे, आळीपाळीने थोडे थोडे आवळा.

मोच्याकडे कधी

पट्टी, वेल्क्रो आणि जाड शिवण मशीनवर जास्त चांगली होते. ते काम मोच्याकडे द्या. त्याचा हात आपल्यापेक्षा कितीतरी बसलेला असतो. फक्त सोलला चुका ठोकू नयेत आणि आरपार शिवू नये, हे आधीच सांगा. कडक सोलला पडलेले प्रत्येक भोक म्हणजे पुढच्या तड्याची सुरुवात. सोलला बाहेर जाड रबरी कड असेल तर तेवढ्या कडेतून टाके घातलेले चालतात. कार्बनच्या सोलला तेही नाही.

पहिली राइड

बूट घालून घरात पाच मिनिटे चाला, मग टोक भिंतीला टेकवून टाच उचला आणि जोड बघा. सायकलवर बसून भिंतीच्या आधाराने दोन्ही क्लीट दहा-दहा वेळा अडकवा-सोडवा. पहिली फेरी अंबाझरी किंवा फुटाळा तलावापुरतीच ठेवा, खिशात अॅलन की असू द्या. परत आल्यावर बोल्ट पुन्हा तपासा, नवे क्लीट थोडे बसले की बोल्ट किंचित सैल होतात. आठवडाभर प्रत्येक राइडनंतर जोडाच्या कडेवर नख फिरवा. कुठे पापुद्रा उचललेला लागला तर तेवढीच जागा लगेच घासून चिकटवा, माती शिरायच्या आत.

दुरुस्त केलेले बूट उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. बंद गाडीतली उष्णता जोड सैल करते. उरलेल्या गोंदाच्या ट्यूबचे तोंड पुसून झाकण घट्ट लावा आणि ती सावलीत, लहान मुलांपासून दूर ठेवा. पुढच्या वेळी गोंद जेलीसारखा घट्ट निघाला तर थिनर घालून पातळ करत बसू नका, नवी ट्यूब घ्या.